शिरूरची बेरीज, दौंडची वजाबाकी

महाराष्ट्रात शिरूर एकच नाही. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूरकडे शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद आहे, आणि पुण्याहून नगरच्या रस्त्याला लागलं की घोड नदीच्या काठी लागतं ते आपलं शिरूर. जुनी माणसं अजूनही त्याला घोडनदी म्हणतात. सारख्या नावांचा हा गोंधळ देशभर होता, त्यात दहा लिप्या आणि शंभर प्रकारची अक्षरं, म्हणून टपाल खात्यानं १५ ऑगस्ट १९७२ रोजी प्रत्येक वाटप-कचेरीला सहा आकडी पिनकोड दिला. ती योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, आणि संस्कृतात कविता लिहीत होते. सरळ वाचलं तर रामाची आणि उलट वाचलं तर कृष्णाची स्तुती होईल असं विलोमकाव्य रचणाऱ्या माणसानं देशाला आकड्यांचे पत्ते द्यावेत, हे मला फार शोभून दिसतं.

वेलणकरांच्या रचनेत शिरूरला ४१२२१० मिळाला आणि दौंडला ४१३८०१. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिल्या तीन आकड्यांवरून टपाल कुठल्या बाजूला निवडायचं ते कळतं: ४११ पुणे शहर, ४१२ पुण्याचा ग्रामीण भाग, ४१३ सोलापूरची बाजू. शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या कचेरीचे. यवत ४१२२१४ आणि केडगाव ४१२२०३ ही दौंड तालुक्यातली गावं पुण्याच्या आकड्यात आहेत, आणि खुद्द दौंड मात्र सोलापूर आणि बारामतीबरोबर ४१३ मध्ये. नकाशावर न दिसणारी रेघ अशी एका तालुक्याच्या मधून जाते.

टपालाचं काम इथं संपतं. पत्र पोचलं की आकडा कुणी पुन्हा पाहत नाही. पण चार लाख बारा हजार दोनशे दहा ही एक पूर्णांक संख्या आहे, आणि कुठलीही संख्या ज्यानं वाटली त्याच्यापुरती राहत नाही. वेलणकरांच्या खात्यानं ती क्रमानं दिली. तिच्या पोटात काय आहे ते ठरवणं त्यांच्या किंवा कुणाच्याच हातात नव्हतं. कवितेचं रसग्रहण करताना कवीच्या हेतूची चौकशी करावी लागते. संख्येच्या बाबतीत तो प्रश्नच नाही, म्हणून वाचकाला थेट मजकुराशी बसता येतं. या दोन संख्या मला तशाच, ओळीओळीनं वाचायच्या आहेत. भाग्यांक काढणाऱ्यांशी या वाचनाचा काही संबंध नाही. जे सांगेन ते कुणालाही कागदावर पडताळून घेता येईल.

अशा वाचनाची एक अस्सल मराठी परंपरा आहे आणि तिचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्म, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण, आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरकी. विद्यापीठाची खुर्ची नाही, संशोधनाची पदवी नाही. ६१७४ या संख्येमुळे त्यांचं नाव जगभर गेलं, मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, आणि तरीही आपल्याकडे ते बहुधा ‘६१७४वाले कापरेकर’ एवढ्यावरच उरतात. खरं तर त्यांचा मोठेपणा एका संख्येत नाही. संख्येला कसले प्रश्न विचारावेत हे त्यांनी शिकवलं, आणि त्या प्रश्नांना सुंदर नावं दिली.

त्यांचा एक प्रश्न असा: संख्येतल्या आकड्यांची बेरीज करा. त्या बेरजेनं मूळ संख्येला निःशेष भाग जातो का? जात असेल तर ती हर्षद संख्या, हर्ष देणारी. आता शिरूर घ्या. ४ + १ + २ + २ + १ + ० = १०. आणि ४१२२१० ला दहानं भाग जातोच. शेवटी शून्य उभंच आहे. शिरूर हर्षद आहे.

कुणी म्हणेल, यात काय विशेष, शून्य असलं की झालं. तसं नाही. शेवटी शून्य असलेल्या संख्येच्या आकड्यांची बेरीज नेमकी अशी यावी लागते की तिनं भाग जाईल. शेजारचा ४१२२२० पाहा: शेवटी शून्य आहे, पण आकड्यांची बेरीज अकरा, आणि अकरानं भाग जात नाही. शिरूरमध्ये बेरीज आणि शून्य दोन्ही एकाच दहावर येऊन भेटतात. दहा लाखांपर्यंतच्या संख्यांत हर्षद संख्या साडेनऊ टक्के आहेत, म्हणजे दहात जेमतेम एक. गणितज्ञ जी. एच. हार्डींना रटाळ वाटलेली रामानुजनची १७२९ सुद्धा हर्षदच; तिच्या आकड्यांची बेरीज १९, आणि १९ × ९१ = १७२९.

आता दौंड. ४ + १ + ३ + ८ + ० + १ = १७. सतरानं भागलं तर ४ उरतात. दौंड हर्षद नाही. पण कापरेकरांचा दुसरा प्रश्न विचारला की दौंड जे उत्तर देतं ते मला शिरूरच्या उत्तराहून जास्त आवडतं.

दुसरा प्रश्न जन्माचा आहे. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवा, नवी संख्या तयार होते. २१ घेतले तर २१ + ३ = २४; म्हणजे २१ ही २४ ची जनक. उलट विचारा: या संख्येला जनक आहे का? काही संख्यांना जनक सापडतच नाही. त्या कुठल्याही संख्येपासून अशा रीतीनं निर्माण होत नाहीत. कापरेकरांनी त्यांना स्वयंभू म्हटलं, आणि १९६३ मध्ये त्यांच्यावरची पुस्तिका देवळालीहून काढली. देवळाली संख्या हेही त्यांचंच एक नाव. १९७० च्या दशकात हाच प्रश्न कोलंबियातून पुढे आला आणि जगात त्या ‘कोलंबियन’ म्हणूनही ओळखल्या जाऊ लागल्या. पण त्याच्या कितीतरी आधीच देवळालीत त्यांचा जन्मदाखला लिहिला गेला होता, हे आपण विसरता कामा नये.

४१३८०१ ला जनक आहे का? शोध वाटतो तेवढा मोठा नाही. सहा आकडी संख्येच्या आकड्यांची बेरीज जास्तीत जास्त ५४. तेव्हा जनक असला तर तो मागच्या ५४ संख्यांतच असणार. त्यातही नऊची बाकी मदतीला येते. कुठलीही संख्या आणि तिच्या आकड्यांची बेरीज यांना नऊनं भागल्यावर बाकी सारखीच उरते, त्यामुळे जनकाच्या दुपटीला नऊनं भागून जी बाकी येईल ती दौंडच्या बाकीएवढी, म्हणजे ८ असली पाहिजे. मग जनकाची स्वतःची बाकी ४. चोपन्नपैकी असे उमेदवार फक्त सहा उरतात, आणि ते एकेक करून पाहण्यासारखे आहेत.

४१३७९७ ला दौंड गाठायला ४ हवेत. त्याच्या आकड्यांची बेरीज ३१ आहे. ४१३७८८ ला १३ हवेत, बेरीज ३१. ४१३७७९ ला २२ हवेत, बेरीज ३१. ४१३७७० ला ३१ हवेत, बेरीज २२. ४१३७६१ ला ४० हवेत, बेरीज २२. ४१३७५२ ला ४९ हवेत, बेरीज पुन्हा २२.

मधल्या दोघांकडे नीट पाहा. ४१३७७९ ला बावीस हवेत आणि त्याच्याजवळ एकतीस आहेत. ४१३७७० ला एकतीस हवेत आणि त्याच्याजवळ बावीस आहेत. ज्याला जे हवं ते शेजाऱ्याकडे आहे. एकाची बेरीज दुसऱ्याला मिळाली असती तर दौंडला जनक मिळाला असता, पण संख्यांत उसनवारी चालत नाही. दौंड स्वयंभू आहे. ज्या गावातून मुंबई, सोलापूर, मनमाड आणि बारामतीकडे रूळ फुटतात, इतक्या ठिकाणांहून माणसं जिथं येतात, त्या गावाच्या संख्येकडे मात्र कुठूनही वाट येत नाही.

शिरूरची कुळी उलट लांबलचक आहे. त्याचा जनक ४१२१८७, कारण ४ + १ + २ + १ + ८ + ७ = २३ आणि ४१२१८७ + २३ = ४१२२१०. त्याच्या मागे ४१२१७१, मग ४१२१५४, ४१२१४१, ४१२१३०, ४१२१२०. इथं थांबावं लागतं, कारण ४१२१२० ला जनक दोन आहेत: ४१२१०६ मध्ये १४ मिळवले तरी तीच संख्या, आणि ४१२०९७ मध्ये २३ मिळवले तरी तीच. दोन प्रवाह जिथं मिळतात अशा संख्येला कापरेकर जंक्शन म्हणत. जंक्शन दौंडच्या संख्येत असावं अशी अपेक्षा करावी, आणि ते निघावं शिरूरच्या वरच्या अंगाला! पहिला प्रवाह धरून आणखी मागे गेलं तर ४१२०९०, ४१२०७३ आणि ४१२०६०. त्यापलीकडे काही नाही. ४१२०६० स्वतःच स्वयंभू आहे. उगमापासून शिरूरपर्यंत दहा पावलं. आणि शिरूरमधून पुढचं पाऊल टाकलं की ४१२२१० + १० = ४१२२२०, म्हणजे रांजणगाव एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या पत्त्यांवर दिसणारा पिनकोड. हा निव्वळ योगायोग आहे हे मला माहीत आहे. तरी शिरूरच्या आकड्यात शिरूरच्याच आकड्यांची बेरीज मिळवल्यावर आपण तालुक्याबाहेर न जाता रांजणगावात पोचतो, हे कळल्या दिवसापासून त्या रस्त्यानं जाताना मला त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

या सगळ्यावर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. तो टाळून रसग्रहण पुढे नेणं मला बरं वाटत नाही. जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या छोट्या पुस्तकात असल्या गमतींना गणिताच्या दारातच अडवलं. त्यांचं उदाहरण ८७१२ आणि ९८०१ चं: चार आकडी संख्यांत या दोनच स्वतःला उलट लिहून येणाऱ्या संख्येच्या पटीत बसतात, २१७८ ची चौपट आणि १०८९ ची नऊपट. हार्डींचं मत असं की हे कोड्यांच्या पानावर शोभेल, पण गणितज्ञाला यात काही हाती लागत नाही. मुद्दा खरा आहे. हर्षद आणि स्वयंभू हे गुण संख्या दशमान पद्धतीत लिहिली म्हणून दिसतात. आपल्याला बारा बोटं असती तर दौंड कदाचित स्वयंभू राहिलं नसतं.

पण दशमान लेखन ही मामुली गोष्ट नाही. माणसं संख्येला भेटतात ती तिच्या लिहिलेल्या रूपातच. पोस्टमन ४१३८०१ वाचतो, तिचे अवयव वाचत नाही. छंद हा शब्दांच्या ध्वनीत असतो, अर्थात नसतो, म्हणून छंदाचा अभ्यास उथळ ठरत नाही. कापरेकर संख्येचा छंद वाचत होते. हार्डींना अर्थ हवा होता. या दोन संख्या दोघांनाही पुरून उरतात, म्हणून आता आकडे कसेही लिहिले तरी न बदलणाऱ्या गुणांकडे वळू.

शिरूरचे अवयव पाडले तर २ × ५ × ४१२२१. हा ४१२२१ मूळ संख्या आहे. ते पटवायला १९९ पर्यंतच्या सगळ्या, म्हणजे ४६ मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं, आणि ते काम हातानं करण्यात वेगळीच मजा आहे. ४७ नं भागताना दोनच उरतात, ३७ नं भागताना तीन. १५१ नं भाग जायला दोन कमी पडतात. प्रत्येक वेळी वाटतं आता तुटेल, आणि तुटत नाही.

आता या मूळ संख्येला चारनं भागलं तर १ उरतो. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि एकाच प्रकारे असते. फर्मानं १६४० मध्ये मर्सेनला लिहिलेल्या पत्रात हे सांगितलं. सिद्धता द्यायला ऑयलर यावा लागला, शंभराहून अधिक वर्षांनी. प्रमेय सांगतं की ते दोन वर्ग आहेत. कुठले आहेत ते शोधायचं काम आपलं. २०३ पासून खाली यायचं, प्रत्येकाचा वर्ग ४१२२१ मधून वजा करायचा आणि उरलेला वर्ग आहे का पाहायचं. १९२ पाशी छाती धडधडते: १९२ चा वर्ग ३६८६४, ६६ चा वर्ग ४३५६, बेरीज ४१२२०. एका एककानं हुकली. पुढे उतरत उतरत १७० पाशी आलं की १७० चा वर्ग २८९००, उरतात १२३२१.

१२३२१ म्हणजे १११ चा वर्ग. म्हणजे ४१२२१ = १७० चा वर्ग + १११ चा वर्ग.

कापरेकरांचं लेखन वाचलेल्या माणसाला १२३२१ दिसल्यावर आनंद आवरणार नाही. एक, एकशे एकवीस, बारा हजार तीनशे एकवीस अशा एक-एक-एकच्या वर्गांनी बनणाऱ्या संख्यांवर त्यांनी तरुणपणीच काम केलं होतं, आणि त्यांना डेमलो संख्या असं नाव दिलं होतं. डेमलो हे जीआयपी रेल्वेवरचं स्टेशन, आजची डोंबिवली. कल्पना तिथं सुचली म्हणून तेच नाव. त्याच जीआयपी रेल्वेचे रूळ पुढे पुण्यावरून दौंडला जातात. शिरूरला रेल्वे नाही, पण शिरूरच्या संख्येत खोलवर, मूळ अवयवाच्याही आत, डोंबिवलीच्या फलाटावर जन्मलेली संख्या बसलेली आहे.

हे का घडतं तेही सांगण्यासारखं आहे. ४१२२१ मध्ये आकडे पाहा: चाळीस हजार, आणि मग १२२१, उलटसुलट सारखा. १२२१ म्हणजे १११ × ११. आणि चाळीस हजार हा २०० चा वर्ग. २०० च्या वर्गातून १७० चा वर्ग वजा करा: ३० × ३७० = १११००, म्हणजे १११ × १००. तेव्हा १७० च्या वर्गात १११ × १११ मिळवले की चाळीस हजारांतून १११ शंभर वेळा गेले आणि एकशे अकरा वेळा परत आले. निव्वळ मिळकत अकरा वेळा १११, म्हणजे १२२१. हार्डींनी छंद आणि अर्थ यांच्यामध्ये घातलेली भिंत इथं ढासळते. मधला १२२१ हा लेखनातला आकार, तोच दोन वर्गांच्या बेरजेचं कारणही आहे. या संख्येत मला याहून सुंदर काही सापडलेलं नाही.

उरला दहाचा अवयव. दहाही ३ च्या वर्गात १ चा वर्ग मिळवून होतात. दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेनं गुणलं तर पुन्हा दोन वर्गांची बेरीजच येते. ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये दिलेल्या ‘भावना’ नावाच्या रीतीचं हे एक रूप. ती लावली की पूर्ण पिनकोड दोन प्रकारे फुलतो: ३९९ चा वर्ग १५९२०१ आणि ५०३ चा वर्ग २५३००९ मिळून ४१२२१०, तसंच ६२१ चा वर्ग ३८५६४१ आणि १६३ चा वर्ग २६५६९ मिळूनही ४१२२१०. तिसरा प्रकार नाही.

मग शिरूर दोन वर्गांची वजाबाकी होऊ शकतं का? नाही, कधीच नाही. कुठल्याही वर्गाला चारनं भागलं तर ० किंवा १ उरतो. त्यांची वजाबाकी केली तर ०, १ किंवा ३ उरेल. २ कधी उरणार नाही. आणि ४१२२१० ला चारनं भागलं की नेमके २ उरतात.

दौंडकडे आल्यावर चित्र पालटतं. ४१३८०१ ला चारनं भागलं तर १ उरतो, म्हणून वरवर पाहता दोन वर्गांच्या बेरजेची आशा वाटते. पण अवयव पाडले की १९ × २९ × ७५१ मिळतात, आणि १९ आणि ७५१ दोघेही चारनं भागल्यावर ३ उरवणारे. अशी मूळ संख्या विषम वेळा आली की दोन वर्गांच्या बेरजेचा रस्ता बंद. एकोणीस इथं एकदाच आहे, सातशे एक्कावन्नही एकदाच. दौंड कुठल्याही दोन वर्गांची बेरीज नाही.

वजाबाकी मात्र आहे, आणि काय देखणी आहे! हे अवयव मिळवायचीच रीत ती दाखवते. दिलेल्या संख्येहून थोडा मोठा वर्ग घ्यायचा, संख्या त्यातून वजा करायची, उरलेला वर्ग असेल तर काम झालं. नसेल तर पुढचा वर्ग. फर्माच्या नावानं ओळखली जाणारी ही रीत नारायण पंडितांच्या १३५६ च्या ‘गणितकौमुदी’त आहे, फर्माच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधी. दौंडला लावून पाहा. ६४४ च्या वर्गातून ४१३८०१ वजा केले तर ९३५ उरतात, वर्ग नाही. ६४५ ला २२२४, नाही. ६४६ ला ३५१५, ६४७ ला ४८०८, ६४८ ला ६१०३, नाही. ६४९ ला ७४००. ८६ चा वर्ग ७३९६, चारानं चुकलं. ६५० ला ८६९९, नाही. आणि आठव्या पावलाला ६५१: त्याचा वर्ग ४२३८०१. वजाबाकी दहा हजार. शंभराचा वर्ग.

४२३८०१ आणि ४१३८०१ एकाखाली एक लिहून पाहा. फक्त एक आकडा बदललेला आहे, दोनाचा एक झालेला. दौंडचा पिनकोड म्हणजे ६५१ चा वर्ग, ज्याच्या दहा हजारांच्या घरातून एक काढून घेतला आहे. ६५१ मधून शंभर वजा करा, ५५१; शंभर मिळवा, ७५१. या दोघांचा गुणाकार दौंड. पुढे ५५१ = १९ × २९. नारायण पंडितांना हा पिनकोड कुणी लिहून दिला असता तर त्यांनी तो तिथल्या तिथं सोडवला असता.

एवढं पाहिल्यावर दोन्ही संख्या शेजारी ठेवल्या तर त्या एकमेकींच्या उलट उभ्या दिसतात. शिरूर वर्गांची बेरीज आहे, वजाबाकी होऊच शकत नाही. दौंड वर्गांची वजाबाकी आहे, बेरीज होऊच शकत नाही. शिरूर हर्षद आहे पण स्वयंभू नाही; दौंड स्वयंभू आहे पण हर्षद नाही. स्वयंभू संख्याही दहात साधारण एकच असते, त्यामुळे हे दोन गुण या दोन गावांनी असे वाटून घ्यावेत हे शेकड्यात एकदा घडणारं आहे. त्या दोघींमधलं अंतर १५९१, आणि तेही ४० च्या वर्गातून ३ चा वर्ग वजा केलेलं, ३७ × ४३.

एका ठिकाणी मात्र दोघी एकत्र येतात, आणि ते ठिकाण पुन्हा कापरेकरांचं. आकडे उतरत्या क्रमानं लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमानं लावून लहान, वजा करा, आणि उत्तरावर तेच पुन्हा. चार आकड्यांत, सगळे सारखे नसले तर, जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४ येतं. सहा आकड्यांत एकच मुक्काम नाही. ५४९९४५ आणि ६३१७६४ हे दोन स्थिर बिंदू आहेत, आणि सात संख्यांचं एक कडं आहे जे फिरतच राहतं. शिरूर ४१०८८६, ८७१७२२, ७५४४४३, ४०९९८६, ९५१७४१ असं जात सहाव्या पावलाला ८६०८३२ वर त्या कड्यात शिरतं. दौंडला अकरा पावलं लागतात, पण वाटेत तिसऱ्या पावलाला ७६५४३२ मधून २३४५६७ वजा करायची वेळ येते, आकडे ओळीनं उभे राहिलेले; ते पाहायला मिळावं म्हणून तरी ही आकडेमोड हातानं करावी. शेवटी ६२०८७४ वरून ते ८५१७४२ वर त्याच कड्यात येतं. ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि पुन्हा ८५१७४२. सहा आकडी पुष्कळशा संख्या इथंच येतात, तेव्हा याचं फार कौतुक करत नाही.

दौंडच्या पुढची संख्या मात्र सोडवत नाही. ४१३८०२ हा कुरकुंभचा पिनकोड, दौंड तालुक्यातल्या रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीचा. आकड्यांची बेरीज १८, आणि १८ × २२९८९ = ४१३८०२; दौंडला न लाभलेलं हर्षदपण शेजारी लाभलेलं आहे. चारनं भागल्यावर २ उरतात, म्हणून शिरूरसारखीच तीही वर्गांची वजाबाकी नाही. पण तिच्या अवयवांत ३ नेमका तीनदा येतो, विषम वेळा, म्हणून दौंडसारखीच ती दोन वर्गांची बेरीजही नाही. दोन्ही वाटा बंद. तिसरा वर्ग हाताशी घेतला की मग सुटते: ६४३ चा वर्ग ४१३४४९, १७ चा २८९, ८ चा ६४, मिळून ४१३८०२.